तपासणीची सोय नाही

१ ऑगस्ट १९९५, मंगळवार. सकाळी साडेसात.

ही डायरी वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, जानेवारीत वडूजच्या खताच्या दुकानातून फुकट आणून दिली. प्रत्येक पानाच्या तळाला शेतकऱ्याला एक सल्ला छापलाय. सात महिने कोरी ठेवली, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आता घडणार आहे. यंदा कुस्तीत ६२ किलो गटात मी विद्यापीठ चॅम्पियन होणार आहे.

संकल्प: पहाटे चारला उठणे. संगमापर्यंत पळत जाऊन पळत येणे. हजार जोर, हजार बैठका. कुणाविषयी मनात वाईट न आणणे.

आज सातला उठलो. चारला जाग आली होती, म्हणजे तत्त्वतः उठलोच. वजन साडेचौसष्ट. रात्रीचं जेवण वजा केलं तर त्रेसष्ट.

२ ऑगस्ट.

तालमीची माहिती लिहून ठेवतो, चॅम्पियनच्या आयुष्यात अशा गोष्टी लागतात. कराडातली ही तालीम आप्पासो वस्तादांची. वय सत्तर, दोन्ही कान मोडलेले, ऐकू अर्धं येतं, बोलतात दुप्पट. कॉलेजचे आम्ही सहा पैलवान इथेच राहतो. माझ्या शेजारची वळकटी जाफर मुल्लाची. आष्ट्याचा, बी.ए.ला माझ्याच वर्गात. वडील नाहीत. आई खातूनबी शिवणकाम करते, धाकटी बहीण सुमैरा नववीत आहे. जाफरला विद्यापीठाचं मेडल पाहिजे, कारण मेडल असलं की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात घेतात. सगळं घर त्या मेडलकडे डोळे लावून बसलंय. साधा मुलगा. सुपारीसुद्धा खात नाही. कल्पनाशक्ती कमी. त्याचा गट ६८, माझा ६२, म्हणून आमची मैत्री घट्ट आहे.

३ ऑगस्ट. संध्याकाळ.

संगमावर पळायला गेलो. निम्मं अंतर चालत. घाटावर एक बाबा बसतात, त्यांच्यापाशी चिलीम फिरते. मी गांजा ओढत नाही. मी बाबांपाशी बसतो, आणि चिलीम फिरत फिरत आपल्यापर्यंत आली तर नको म्हणणं उद्धटपणाचं दिसतं. शिवाय त्याने एकाग्रता वाढते. आज एकाग्रता इतकी वाढली की परत यायला दीड तास लागला. वाटेत भजी. तीन प्लेट.

५ ऑगस्ट, शनिवार.

भयंकर.

कॉलेजच्या बोर्डावर नोटीस. ‘खेळाडू अंमली पदार्थ तपासणी नियमावली’. गेल्या वर्षी आमचे दोन कबड्डीपटू सामना सोडून मैदानामागे चिलीम ओढताना सापडले आणि पेपरात कॉलेजचं नाव आलं. तेव्हापासून प्रिन्सिपॉलसाहेबांच्या डोक्यात हे घोळत होतं. एकूण नऊ कलमं. जिमखान्याच्या भोईटे सरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. कलम चार: प्रत्येक खेळाडूने बाटलीत लघवी द्यायची, बाटलीच्या चिकटपट्टीवर स्वतः नाव लिहून सही करायची. कलम सात: गांजा निघाल्यास वर्षभर संघातून बाहेर, आणि पालकांना रजिस्टर पत्र. कलम सात सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, अमेरिकेत कॉलेजची पोरं सरळ बाटली भरून देतात, आपण काय कमी आहोत काय?

तारीख १४. बाटल्या सांगलीच्या लॅबला जाणार.

आण्णा मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत. अजून दाढी करायच्या आधी पट्टा घालतात. रजिस्टर पत्र ते सही करून घेतील, चष्मा लावून वाचतील, आणि मग पट्टा काढतील.

६ ऑगस्ट.

आजपासून बंद. कायमचं.

संध्याकाळी बाबांना हेच सांगायला गेलो. निरोपाची म्हणून एक ओढली. मग आणखी एक, कारण पहिली नीट पेटली नव्हती.

७ ऑगस्ट.

कालचा दिवस धरायचा नाही, तो निरोपाचा होता. आजपासून बंद. आज घाटावर गेलो ते टॉवेल विसरलो होतो म्हणून. टॉवेल सापडायला वेळ लागला.

८ ऑगस्ट.

जाफरचं काहीतरी चाललंय. रात्रीतून चार-चार वेळा उठून मला ओलांडून बाहेर जातो, माझ्या झोपेचं खोबरं. दिवसा तांब्यामागून तांब्या पाणी. माठ त्याने रिकामा करायचा आणि भरायची पाळी माझी. वस्तादांकडे तक्रार केली. वस्ताद म्हणाले, पानीच पितोय न्हवं? दारू तर न्हाई? मग गप ऱ्हा की. आणखी एक. तालमीमागच्या भिंतीशी, जिथे आम्ही सगळे उभे राहतो, तिथे मुंग्यांची ही रांग. वस्ताद म्हणाले, कोन गूळ सांडतंय रं हितं? झाडायची पाळीही माझीच निघाली.

१० ऑगस्ट.

परवा फार्मसीच्या देवदत्तला गाठून सहज विचारलं, एका मित्रासाठी, की ओढलेलं लघवीत किती दिवस राहतं. देवदत्त म्हणाला, रोज ओढणाऱ्याचं महिनाभर. मी विचारलं, आणि जो रोज ओढत नाही, नुसता रोज बसतो, त्याचं? देवदत्त हसला. त्याचा अभ्यास कच्चा आहे.

उपाय सुरू केले. सकाळी ताक, दुपारी लिंबूपाणी, संध्याकाळी पुन्हा ताक. आता रात्री आम्ही दोघंही उठतो. काल दारात एकमेकांवर आपटलो. जाफर म्हणाला, तुलाबी तसंच हुतंय व्हय रं? मी म्हटलं, नाही, मी व्यायाम करतोय.

११ ऑगस्ट.

विश्वासघात.

संध्याकाळी वजनं झाली. जाफर जुलैत सदुसष्ट होता, आज चौसष्ट. मी पासष्ट (ताक). वस्तादांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. ह्याला म्हनत्यात वजन काढनं! खातोय लय, आन् तरीबी उतरतोय बघा. भोईटे सर तिथेच होते. म्हणाले, असं असेल तर जाफरला ६२ला उतरवू, त्याला तिथे मेडल नक्की आहे, ६८ला आपल्याकडे दुसरा आहे. माझ्याबद्दल म्हणाले, बघू.

बघू!

जाफरला बाजूला घेऊन विचारलं, हे काय चालवलंयस? तो म्हणाला, मी कुटं काय करतोय गड्या, आपोआपच उतरतंय. अंगात जीव न्हाई वाटत बघ. आपोआप म्हणे. मी इतका भाबडा नाही. मित्राच्या ताटातलं ओढायचं आणि वर चेहरा असा पाडायचा. कुणाविषयी वाईट मनात आणायचं नाही असा संकल्प आहे, म्हणून मनात न आणता इथे लिहून ठेवतो: कपटी, आतल्या गाठीचा, कृतघ्न (जूनमध्ये माझा साबण वापरला).

१३ ऑगस्ट.

योजना तयार. इथे लिहीत नाही, डायरी कुणाच्या हाती पडली तर काय घ्या. बाटल्यांसंबंधी आहे एवढंच.

१४ ऑगस्ट.

जमलं.

जिमखान्याच्या खिडकीत अकरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. पेनिसिलिनच्या रिकाम्या, धुतलेल्या. राखणीला ज्ञानू शिपाई. प्रिन्सिपॉल कुणीही असो, ज्ञानू दहा वाजता चहाला जातो. बाटल्या ओल्या, चिकटपट्ट्या अलगद निघाल्या. माझी पट्टी जाफरच्या बाटलीला, जाफरची माझ्या. दोन मिनिटं लागली. एक पट्टी जरा वाकडी बसली, ते उपाशीपोटी ताक घेतल्यामुळे.

आता शांतपणे विचार केला तर यात जाफरचं नुकसान फारसं नाही. मला आण्णा आहेत. त्याला वडीलच नाहीत, मग रजिस्टर पत्र गेलं तरी वाचणार कोण? त्याच्या आईला वाचता येत नाही. शिवाय त्याचं चारित्र्य इतकं स्वच्छ आहे की त्यावर एक डाग सहज खपून जाईल. माझं तसं नाही. मला डाग परवडत नाही. आणि ६२ची जागा मोकळी होते, ती काही मी मागितलेली नाही. आपोआप होते. त्याचं वजन उतरतं तशी.

१५ ऑगस्ट.

झेंडावंदन. जिलेबी वाटली. जाफरने स्वतःची खाल्ली आणि आधाशासारखा माझ्याकडे बघायला लागला. माझीही देऊन टाकली. पुढे बिचाऱ्यावर काय प्रसंग येणार आहे ते मलाच माहीत. मला स्वतःचा उदारपणा कधीकधी जड जातो.

संध्याकाळी घाटावर गेलो. तपासणी तर झाली, आता बंद कुणासाठी ठेवायचं?

२२ ऑगस्ट.

सांगलीहून रिपोर्ट आले. भोईटे सरांनी पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि वाचता वाचता त्यांचं तोंड उतरलं. प्रत्येक कागदावर चार ओळी. रंग: फिकट पिवळा. अल्ब्युमिन: नाही. साखर: नाही. गांजा: तपासणीची सोय नाही. अकराच्या अकरा कागदांवर सोय नाही. सर लॅबला फोन करून आले. लॅबवाल्याने सांगितलं, तुम्ही लघवी तपासा म्हणालात, लघवीत आम्ही एवढंच तपासतो.

म्हणजे मी माझी स्वतःची बाटली दिली असती तरी चाललं असतं. आठवडाभराचं ताक वाया.

पण हे काहीच नाही. दहा कागदांवर साखर नाही. अकराव्यावर साखर: चार प्लस. नाव: अवधूत शिनगारे. मी.

सर म्हणाले, गांजा नसू दे, पण मधुमेहाचा पोरगा मॅटवर आडवा झाला तर नोकरी माझी जाईल. अशा आजाराचं कलम नियमावलीत नाही, तरी मी संघातून बाहेर. प्रिन्सिपॉलसाहेबांनी पेपरला बातमी दिली, ‘एकही खेळाडू दोषी नाही’. बाकी दहा जणांना रिपोर्टवर कॉलेजचा गोल शिक्का मारून दिला आणि खाली लिहिलं, ‘निर्व्यसनी व निरोगी’. जाफरने तो कागद लगेच आईला पाठवला. तालमीतली पोरं मला साखर कारखाना म्हणायला लागली. जाफर एकटा हसला नाही. म्हणाला, दवाखान्यात मी येतो संगं. घाबरू नगंस, आमच्या गल्लीत एक म्हातारा हाय साखरंचा, लय वर्सं झाली, चांगला हिंडतोय.

२३ ऑगस्ट.

सकाळभर लॅबला शिव्या दिल्या. दुपारी जेवताना घास हातातच राहिला. ती बाटली माझी नव्हतीच. साखर जाफरची आहे. पाणी, रात्रीचं उठणं, वजन, भिंतीशी मुंग्या. सगळं.

देवदत्तला गाठलं, एका मित्रासाठी म्हणून विचारलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, विशीतल्या पोराला चार प्लस म्हणजे खेळ नाही. इन्शुलीन लागतं, रोज. नाही दिलं तर महिना-दीड महिन्यात माणूस हाताला लागत नाही. मित्राला आजच घेऊन जा.

आज संध्याकाळी जाफरला सांगणार. नक्की.

संध्याकाळी: तो झोपला होता. आजारी माणसाला उठवू नये.

२४ ऑगस्ट.

सांगायला बसलो. पण सुरुवात कुठून करायची? साखर सांगायची तर बाटली सांगावी लागते. बाटली सांगायची तर गांजा सांगावा लागतो. गांजा सांगितला की आण्णा. जाफर म्हणाला, काय रं, असा काय बघतोस? मी म्हटलं, माझा टॉवेल बघितलास का? त्याने उठून शोधून दिला. उठताना भिंतीला धरलं.

२५ ऑगस्ट.

आधी स्वतःचं काम. कराडातच स्वखर्चाने लघवी तपासून घेतली. साखर नाही. सर म्हणाले, सांगलीच्या लॅबची चूक असणार. २ सप्टेंबरला ६२च्या जागेसाठी माझी आणि जाफरची कुस्ती लावतो, जिंकेल तो झोनल स्पर्धेला सांगलीला जाईल. न्याय शेवटी होतोच.

जाफरलाही म्हटलं, तू पण एकदा पुन्हा करून घे. म्हणाला, माजं नॉर्मल हाय की, शिक्का मारून दिलाय. आईचं पैसं कशाला घालवू? मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. जास्त मागे लागलो असतो तर त्याला संशय आला असता. सांगितलं मात्र आहे. तारखेसह इथे नोंद आहे.

२७ ऑगस्ट.

जाफरला बैठका निघेनात. शंभराला चक्कर. वस्तादांनी तालमीचा जुना उपाय काढला. अशक्तपणा आलाय, मग खुराक वाढवायचा. सकाळी थंडाई, बदाम, खसखस, मूठभर खडीसाखर. दुपारी केळ्याची शिकरण. रात्री दुधात तूप आणि गूळ. वस्तादांनी पन्नास वर्षांत सगळी पोरं अशीच उभी केली आहेत. स्वतः बसून जाफरला वाटी वाटी पाजतात, मायेने. जाफर पितो आणि पुन्हा माठाकडे जातो.

मी अस्वस्थ झालो. राहवेना. वस्तादांना म्हटलं, इतकं गोड बरं नव्हे. वस्ताद भडकले. तुझ्या लगवीत साखर निगाली म्हून दुसऱ्याच्या तोंडातनं काडून घेतोस व्हय रं? कसला दोस्त तू? सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. इतका अपमान झाल्यावर कोण बोलेल? उरलेली थंडाई मी प्यायलो. चांगली झाली होती.

३० ऑगस्ट.

निनावी चिठ्ठी लिहायची असं ठरवलं. उत्तम कल्पना. ‘जाफर मुल्ला यास साखर आहे. एक हितचिंतक.’ डाव्या हाताने लिहिली. वाचता येईना. उजव्या हाताने लिहिली तर अक्षर माझं वाटतं. फाडून टाकली. २ तारखेनंतर सांगतो. आत्ता सांगितलं तर सगळे म्हणतील, कुस्ती टाळायला सांगितलं. माझ्या नावाचा प्रश्न आहे.

२ सप्टेंबर, शनिवार.

जिंकलो!

एक मिनिट दहा सेकंद. पहिल्याच पकडीत एकेरी पट काढला, पाय हवेत, वर दाबून चीतपट. जाफरविरुद्ध तीन वर्षांतला पहिला विजय. तंत्र अचूक होतं. लोक म्हणतील तो अशक्त होता. साठ किलो भरला हे खरं, पण मलाही सकाळपासून बरं वाटत नव्हतं.

तो मॅटवरून उठला नाही. कुशीवर वळून ओकला. वस्तादांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थंडाई आणा म्हणाले. जाफरने माझ्याकडे हात केला. जवळ गेलो तर म्हणाला, चांगला पट काडलास, आता मेडल आन. त्याचा हात हातात घेतला तर चामडी सैल. मला रडू आलं. खरंच आलं. आज रात्री सगळं सांगून टाकणार, जे होईल ते होवो.

नंतर विचार केला, जिंकलेल्या माणसाने आजच सांगणं म्हणजे हरलेल्याच्या जखमेवर मीठ.

४ सप्टेंबर.

जाफर आष्ट्याला गेला. मीच त्याची ट्रंक स्टँडवर नेली. चालताना तो तीनदा बसला. एस.टी. यायला वेळ असणार, तेवढ्यात सांगू असं ठरवून गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा एस.टी. वेळेवर आली.

८ सप्टेंबर.

सुमैराचं पत्र. नीट अक्षर. जाफरला उलट्या होतात, पोटात दुखतं. आष्ट्यातल्या डॉक्टरांनी साखर तपासू या म्हटलं होतं, पण आईने कॉलेजचा शिक्क्याचा कागद दाखवला. त्यावर नॉर्मल बघून डॉक्टर म्हणाले, कावीळ असेल, आणि अशक्तपणासाठी ग्लुकोजच्या दोन बाटल्या चढवल्या. उद्या आणखी दोन. तुम्ही येऊन गेलात तर दादाला बरं वाटेल.

ग्लुकोज. पत्र दोनदा वाचलं. आज जेवण गेलं नाही. (तसंही वजन उतरवायचं आहे.)

९ सप्टेंबर.

आज जाणार होतो. सरांनी झोनलचे ड्रेस वाटले. माझा मोठा निघाला, बदलून घेण्यात दिवस गेला.

१० सप्टेंबर, रविवार. रात्री आठ.

गेलो. सांगितलं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहितो.

सांगितलं.

एस.टी.त सगळं भाषण पाठ केलं होतं. आष्ट्यात मुल्लांचं घर दोन खणी, दारात शिलाईचं मशीन. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये कॉलेजचा कागद, ‘निर्व्यसनी व निरोगी’. जाफर बाजेवर. श्वास इतका जोरात की वाटावं, आत्ताच कुस्ती मारून आलाय. खोलीत पिकलेल्या फळांचा वास, फळं कुठेच नाहीत. त्याने डोळे उघडले, मला ओळखलं असं वाटत नाही.

मी म्हटलं, चाची, रिपोर्टची अदलाबदल झालीय. साखर मला नव्हती, जाफरला आहे. कुणी अदलाबदल केली ते सांगितलं नाही, त्याने विषय भरकटला असता.

खातूनबींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाल्या, लेकरा, दोस्ताचं दुखनं आपल्या अंगावर घ्याया आलास व्हय रं? तुजं चांगलं हुईल बग. पर असं वंगाळ बोलू ने. तुजं दुखनं गेलं, ह्येचंबी जाईल. कागदावर नाव हाय ह्येचं, शिक्का हाय कालिजचा, यवढी शिकल्याली मानसं खोटं लिवत्यात व्हय? मग पदराने डोळे पुसून चहा टाकला.

सुमैरा दाराला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, दादा, आपन डाक्टरांना सांगू या का? मी म्हटलं, हो, नक्की. रविवार म्हणून दवाखाना बंद. ती म्हणाली, डाक्टर वरच राहत्यात, हाक मारली तर येत्यात खाली. घड्याळात सव्वाचार झाले होते. उद्या सांगलीत हजेरी, परवा वजन. मी तिला म्हटलं, तू हुशार आहेस, उद्या सकाळी तू जाऊन सांग, मी सांगितलं म्हणून सांग.

मन अगदी हलकं झालंय. सतरा-अठरा दिवसांचं ओझं उतरलं. आता कुणी असं म्हणू शकत नाही की अवधूतने सांगितलं नाही. लोकांनी ऐकलं नाही तर माणूस काय करणार?

११ सप्टेंबर.

सांगली. आमची सोय एका शाळेत. शाळेच्या काट्यावर वजन एकसष्ट किलो नऊशे. सोन्यासारखं. उद्या वजन आणि पहिली कुस्ती.

१२ सप्टेंबर, मंगळवार.

हरलो. अडतीस सेकंद. समोरचा डावखुरा होता आणि मॅटचा तो कोपरा निसरडा होता. मला वाटतं

सर आले होते. हे काय लिहीत बसलायस, ऊठ, म्हणाले. मला वाटलं हरलो म्हणून. म्हणाले, जाफरला काल रात्री इथल्या सरकारी दवाखान्यात आणलंय, आत्ता निरोप आला. दवाखाना मैदानापासून दहा मिनिटांवर. सरांच्या मागून ड्रेसवरच चालत गेलो.

व्हरांड्यात खातूनबी जमिनीवर बसल्या होत्या. सुमैरा भिंतीकडे तोंड करून. तो नऊ वाजता गेला होता, मी वजनकाट्यापाशी ओळीत उभा होतो तेव्हा.

दवाखान्यातले डॉक्टर भोईटे सरांना सांगत होते ते ऐकलं. पोरीने काल सकाळी आष्ट्यातल्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी साखर तपासली आणि घाबरून लगेच न्या म्हणाले. गाडी मिळून इथे पोचायला रात्र झाली, तोवर तो बेशुद्ध. रविवारी संध्याकाळी आणला असता तर वाचला असता. औषध इथे होतं. विशीतलं पोर, हे होऊ नये. आणि त्यांनी विचारलं, हा नॉर्मलचा कागद कुणी दिला? सर म्हणाले, आमच्या नियमावलीत ते येत नाही.

मी खातूनबींसमोर बसलो. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, तू सांगत हुतास ते खरं हुतं. मी म्हटलं, हो चाची. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. मी सांगितलं होतं हे त्यांनीच कबूल केलं.

मग त्या म्हणाल्या, खरं हुतं, तर आरडला का न्हाईस रं? मला येडीला काय कळतंय. माजं केस धरून का न्हाई सांगितलंस? वरनं डाक्टरला वडून का न्हाई आनलंस?

उत्तरं खूप होती. चालत येताना दहा मिनिटं तीच तयार करत होतो. दवाखाना बंद होता. तुम्ही ऐकलं नाहीत. मला वाटलं सुमैरा सांगेल.

मी म्हटलं, साडेचारची एस.टी. होती, चाची.

त्यांनी विचारलं, गावली का?

गावली, म्हटलं.